बोर्डाने २० टक्के लिहिले तरी पेन्शन शून्य, असं का? माणच्या वहिनींना उत्तर

माण तालुक्यातून एका वहिनींचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यांचे मिस्टर आर्मी सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर होते, २४ वर्षं नोकरी करून २०२२ ला हवालदार म्हणून घरी आले. लेहला असताना कंबर धरायला लागली, नंतर पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी, बदली झाल्यावर एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलमध्ये) अ‍ॅडमिट झाले, एमआरआय झाला, एल-फोर एल-फाइव्ह या कंबरेच्या मणक्यांमधली डिस्क सरकलेली निघाली आणि कॅटेगरी लागली, म्हणजे पूर्ण फिट नाही असा शेरा बसला. रिटायर होताना मेडिकल बोर्ड झालं, बोर्डाने २० टक्के डिसॅबिलिटी लिहिली, तीही आयुष्यभरासाठी, आणि तरीसुद्धा डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र आलं. आता त्यांना अर्धा तास सलग बसवत नाही, रानात वाकता येत नाही, सिक्युरिटीची नोकरी धरली होती ती पण सोडावी लागली. वहिनींनी सात हजार घालून बाहेरून नवीन एमआरआय काढलाय. गावातला एक जण म्हणतो पन्नास हजार द्या आणि एरिअर्समधला, म्हणजे थकबाकीतला, तिसरा हिस्सा द्या, मी सगळं करून देतो. आणि मिस्टर म्हणतात जाऊ दे, सर्व्हिस पेन्शन मिळतेय ना, सरकारपुढे हात कशाला पसरायचे. वहिनींचा प्रश्न असा की तीन वर्षं झाली, आता अपील होतं का, आणि कंबर एवढी दुखते हे त्या लोकांना पटवायचं कसं.

वहिनी, अपील होतं. आधी हे सांगून टाकतो म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

पण दुसरा प्रश्न आहे ना, कंबर किती दुखते हे पटवायचं कसं, तो मनातून काढूनच टाका, कारण ते पटवायची गरजच नाहीये. बोर्डाने २० टक्के लिहिलेत म्हणजे कंबर गेलीय हे आर्मीच्या डॉक्टरांनी स्वतःच्या सहीने मान्य केलंय. क्लेम रिजेक्ट झालाय तो दुसऱ्याच मुद्द्यावर. मी क्लार्क म्हणून नोकरी केली, पेन्शनचे कागद हातावरून गेलेत, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटायचं की माणूस अपिलात दोन पानं भरून लिहितो की मला किती त्रास होतो, घर कसं चालत नाही, मुलीचं लग्न आहे, आणि ज्या एका ओळीमुळे त्याचा क्लेम गेला त्या ओळीबद्दल एक अक्षर नाही. मग वरून छापील उत्तर येतं आणि घरातले म्हणतात बघा, सरकार ऐकतच नाही.

नियम असा आहे की रिटायरमेंटवर आलेल्या जवानाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे सर्व्हिस पेन्शनच्या वर मिळणारा डिसॅबिलिटीचा हिस्सा, मिळायला दोन गोष्टी लागतात. एक, डिसॅबिलिटी २० टक्के किंवा जास्त पाहिजे. दोन, ती सर्व्हिसमुळे झालेली किंवा सर्व्हिसमुळे वाढलेली पाहिजे, ज्याला बोर्डाच्या भाषेत अ‍ॅट्रिब्युटेबल आणि अ‍ॅग्रव्हेटेड म्हणतात. तुमची पहिली अट पूर्ण आहे. दुसरीवर बोर्डाने नाही लिहिलंय, म्हणजे ना सर्व्हिसमुळे झाली ना सर्व्हिसमुळे वाढली, फौजी लोक याला नुसतं नाना म्हणतात. बोर्डाचा जो फॉर्म असतो, एएफएमएसएफ-१६, त्यात शेवटी टक्केवारीच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना असतो, पेन्शनसाठी धरायची टक्केवारी. तुमच्या कागदावर पहिल्या रकान्यात २० असेल आणि दुसऱ्यात निल असेल, बघा काढून. हजारो घरांमध्ये हा कागद ट्रंकेत पडलाय आणि त्यांना वाटतं टक्के कमी पडले म्हणून पेन्शन मिळाली नाही.

म्हणूनच तो नवीन एमआरआय आत्ता कामाचा नाही. फेकू नका, ठेवा, पण २०२५ चा फोटो हे सांगत नाही की डिस्क कशामुळे सरकली. टक्केवारी वाढवून घ्यायची असेल तर रिव्ह्यू मेडिकल बोर्डची मागणी करता येते, तो वेगळा रस्ता आहे आणि आधी हक्क मान्य झाला तरच त्याला अर्थ आहे, शून्यावर टक्के वाढवून काय मिळणार. आणि पुढच्या वेळी एमआरआय लागला तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून रेफर करून घ्या, खिशातून पैसे घालू नका.

आता खरी लढाई कुठे आहे ते सांगतो. त्याच फॉर्ममध्ये बोर्डाने नाना लिहिताना कारण लिहिलेलं असतं. कंबरेच्या केसमध्ये कारणं बहुतेक ठरलेलीच असतात, डिजनरेटिव्ह आहे म्हणजे वयानुसार होणारी झीज आहे, किंवा कॉन्स्टिट्यूशनल आहे म्हणजे शरीराची ठेवणच तशी, किंवा आजार पीस स्टेशनला सुरू झाला, किंवा सर्व्हिसशी संबंध नाही एवढंच, पुढे काही नाही. तुमच्या पत्रावरून मला वाटतंय तुमच्याकडे पीस स्टेशनवालं कारण असणार, कारण अ‍ॅडमिट तिथे झाले. अपील म्हणजे त्या एका कारणाला दिलेलं उत्तर, बाकी काही नाही.

आणि या उत्तरात तुमच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा एक फार मोठा निकाल उभा आहे, धरमवीर सिंग विरुद्ध युनियन ऑफ इंडिया, २ जुलै २०१३. हा सिग्नल्सचा शिपाई होता, १९८५ ला भरती झाला, साधारण नऊ वर्षांनी फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवला, बोर्डाने २० टक्के लिहिले आणि सर्व्हिसशी संबंध नाही म्हणून सांगितलं, अगदी तुमच्यासारखंच. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये कुठल्याही आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आत गेला असंच धरायचं, आणि नंतर तब्येत बिघडली तर ती सर्व्हिसमुळे बिघडली असं धरायचं. तसं नाहीये हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही, नाही म्हणणाऱ्याची आहे. आणि बोर्डाला जर म्हणायचं असेल की हा आजार भरतीच्या वेळी पकडता येण्यासारखा नव्हता, तर त्याची कारणं लिहिली पाहिजेत. संशयाचा फायदा जवानाला. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंगच्या केसमध्ये कोर्टाने हेच परत धरलं आणि सरकारची अपिलं फेटाळली.

हे निकाल मला का महत्त्वाचे वाटतात तर त्यांनी ओझं कुणाच्या डोक्यावर आहे ते स्पष्ट केलं. माणच्या एका ड्रायव्हरने आर्मीच्या तीन डॉक्टरांपुढे मेडिकल सायन्स सिद्ध करावं अशी अपेक्षाच चुकीची होती.

पण तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. निकाल नुसता जोडला की पेन्शन मिळते असं नाही. २०१९ च्या नरसिंग यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पेन्शन नाकारली पण आहे, तिथे मानसिक आजार होता आणि कोर्टाचं म्हणणं पडलं की तो भरतीच्या साध्या तपासणीत दिसत नाही, बोर्डाच्या मताला किंमत आहे. सरकारी वकील कंबरेच्या केसमध्ये पण हेच म्हणू शकतात की डिस्कची झीज भरतीच्या वेळी कशी दिसणार. म्हणून निकालाच्या जोडीला तुमच्या मिस्टरांची स्वतःची सर्व्हिस कागदावर मांडली पाहिजे, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तर तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

बघा, कॉन्व्हॉयचा ड्रायव्हर म्हणजे काय, श्रीनगर ते लेह, झोजिला, पुढे खारदुंगला, लोड भरलेली गाडी, रस्ता कुठे आहे कुठे नाही, दिवसदिवस स्टिअरिंगवर, खालून हादरे, थंडीत टायर बदलायचा, चेन चढवायच्या, बर्फात अडकली तर खाली उतरून फावडं घ्यायचं, लोडिंग अनलोडिंगला हात लावायचा. सतत हादरे बसणारी ड्रायव्हिंगची नोकरी आणि जड उचलणं याने कंबरेच्या डिस्कवर ताण येतो ही कुठलाही ऑर्थोपेडिक डॉक्टर मान्य करेल अशी गोष्ट आहे. मग २४ वर्षं हेच काम केलेल्या माणसाची डिस्क पीस स्टेशनला जाऊन सरकली म्हणून ती सर्व्हिसमुळे नाही हे कसं? दुखणं लेहला सुरू झालं, फक्त एमआरआय पीस स्टेशनला झाला, कारण मशीन तिथल्या हॉस्पिटलला होतं. आणि पीस स्टेशनला काय आराम असतो का, तिथेही पीटी आहे, बीपीईटी म्हणजे फिटनेसची परीक्षा आहे, ड्युट्या आहेत, गाडी आहेच. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या बेंचेसनी पण कितीतरी केसेसमध्ये हे मान्य केलंय की आजार पीस एरियात सुरू झाला एवढ्या एका कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

आता कागद. अपील लिहायच्या आधी कागद गोळा करा, घाई करू नका. रेकॉर्ड ऑफिसच्या (जिथे जवानाचे सर्व्हिसचे कागद असतात) सीपीआयओला, म्हणजे माहिती अधिकाऱ्याला, आरटीआयचा अर्ज करा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, किंवा आरटीआयच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. त्यात आर्मी नंबर, रँक, नाव, रिटायरमेंटची तारीख घालून हे सगळं नावानिशी मागा: भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, कॅटेगरीच्या प्रत्येक बोर्डाचे कागद म्हणजे एएफएमएसएफ-१५, रिटायरमेंटचं बोर्ड म्हणजे एएफएमएसएफ-१६ सगळ्या पानांसकट, हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी, कुठून कुठपर्यंत कुठल्या युनिटला होते आणि ते फील्ड (सीमेकडची किंवा ऑपरेशनची जागा) होतं का पीस याचं पोस्टिंग रेकॉर्ड, आणि रिजेक्शनचं पत्र. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मिळालं नाही तर आरटीआयमध्येच फर्स्ट अपील आहे, ते करा, पण पेन्शनचं अपील आणि आरटीआयचं अपील यात गोंधळ करू नका, दोन्ही वेगळे.

कागद आले की दोन जागा नीट वाचा. पहिली, एएफएमएसएफ-१६ मध्ये कमांडिंग ऑफिसरचं स्टेटमेंट असतं, त्यात ड्युटीमध्ये विशेष ताण किंवा कष्ट होते का याबद्दल लिहिलेलं असतं. तिथे ऑफिसरने हो लिहिलेलं असेल आणि बोर्डाने खाली नाही लिहिलं असेल तर तो तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद. दुसरी, कॅटेगरीच्या बोर्डाने काय काय बंदी घातली होती ते. जड उचलू नये, ड्रायव्हिंग करू नये, असं काही लिहिलं असेल आणि त्यानंतरही युनिटमध्ये माणसं कमी म्हणून ह्यांना गाडीवर बसवलं असेल तर आजार सर्व्हिसमुळे वाढला याचा तो थेट मुद्दा होतो. सर्व्हिसमुळे झाला हे नाही मान्य केलं तरी सर्व्हिसमुळे वाढला हे मान्य झालं तरी पेन्शन तेवढीच लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिस्टरांना विचारा, कॅटेगरीनंतर गाडी चालवली का, किती चालवली. त्यांनी खरं असेल तेच सांगायचं, एक शब्द वाढवायचा नाही, वाढवलेलं पोस्टिंग रेकॉर्डवरून लगेच उघडं पडतं आणि मग बाकीचं खरं पण खोटं वाटतं.

आणि घरात शोधा. एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) जुन्या स्लिपा, अटेंड सी म्हणजे ड्युटीतून सूट मिळालेली कुठली चिठ्ठी, लेहला दिलेल्या गोळ्यांचा कागद, डिस्चार्ज बुक. फौजी माणूस कागद टाकत नाही सहसा. लेहची एक जरी चिठ्ठी निघाली ना, तर पीस स्टेशनवालं कारण तिथेच खलास.

अपील लिहायचं ते हिंदीत लिहिलं तरी चालतं, इंग्रजीत जमत असेल तर बरं. फर्स्ट अपील अपीलेट कमिटीकडे जातं, रेकॉर्ड ऑफिसच्या मार्फत, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. सुरुवातीला दोन ओळीत सर्व्हिस, मग बोर्डाची तारीख आणि टक्केवारी, मग बोर्डाने लिहिलेलं कारण जसंच्या तसं, आणि मग त्या कारणाला उत्तर. भरतीच्या वेळी कंबरेचा काही आजार नोंदलेला नव्हता, हे त्या मेडिकल फॉर्मवरून. इतकी वर्षं ड्रायव्हर होतो, या या तारखांना या या फील्ड एरियात, हे पोस्टिंग रेकॉर्डवरून. दुखणं पहिल्यांदा कुठे सुरू झालं. बोर्डाने कारण दिलेलं नाही किंवा दिलेलं कारण नुसतं ठोकळेबाज आहे. धरमवीर सिंग आणि राजबीर सिंगचे निकाल. शेवटी मागणी, रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवसापासून डिसॅबिलिटी एलिमेंट आणि ब्रॉडबँडिंग, म्हणजे टक्के वरच्या ठरलेल्या टप्प्यावर धरणं, त्याचा हिशोब खाली सांगतो. दीड-दोन पानात बसतं. घरच्या अडचणी लिहायच्याच असतील तर शेवटी एक ओळ.

मुदत. रिजेक्शनच्या पत्रापासून सहा महिने होते, ते गेलेत. त्याच अर्जात उशिराचं कारण लिहून उशीर माफ करायची विनंती करा, खरं कारण लिहा, अपील करता येतं हे समजलं नव्हतं, बोर्डाचा कागद कळला नाही, काही असेल ते. अपील नाकारलं तर सहा महिन्यांच्या आत सेकंड अपील करायचं, ते नाकारलं किंवा सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. आपल्याला महाराष्ट्र-गोव्याला मुंबई बेंच आहे, जिथे राहतो तिथल्या बेंचकडे रिटायर माणूस जाऊ शकतो, दिल्लीला जायची गरज नाही. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, कायद्याने स्वतः उभं राहता येतं, पण मी म्हणेन वकील घ्या, या विषयातलाच घ्या. उशिरामुळे केस मरत नाही, पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा तोटा धरला जातो, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून एरिअर्स सहसा केस घातल्याच्या मागच्या तीन वर्षांपुरतेच देतात. म्हणजे वाट बघण्यात मागचा एकेक महिना कायमचा जातो. कागद गोळा करायला वेळ घ्या म्हणालो, पण आरटीआयचा अर्ज याच आठवड्यात टाका.

पैशाचा हिशोब पण सांगतो कारण गावात काहीही आकडे फिरतात. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के एवढा डिसॅबिलिटी एलिमेंट असतो आणि टक्के कमी तसा तो कमी होतो. २० टक्क्यांना त्या हिशोबाने पगाराच्या ६ टक्के. पण ब्रॉडबँडिंग लागलं की २० चे ५० धरतात, मग पगाराच्या १५ टक्के होतात. ब्रॉडबँडिंग आधी बोर्ड आऊट झालेल्यांनाच, म्हणजे आजारामुळे नोकरी अर्धवट सोडून घरी पाठवलेल्यांनाच, द्यायचे, डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही मिळालं. समजा शेवटचा बेसिक आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) मिळून ४५ हजार होते, तर ६ टक्क्यांनी २७०० आणि १५ टक्क्यांनी ६७५० महिना, वर महागाई रिलीफ, आणि हे सर्व्हिस पेन्शनच्या वरती, आयुष्यभर. म्हणून ब्रॉडबँडिंगची ओळ अपिलात विसरायची नाही.

बाकी वाचकांसाठी मध्येच एक सांगतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवीन एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे ही पेन्शन कुणाला लागते त्याचे नियम, आलेत, त्या तारखेपासून पुढे बाहेर आलेल्यांनी वरचं सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू धरू नका. आणि ज्यांचे टक्केच २० पेक्षा कमी आहेत आणि पूर्ण नोकरी करून रिटायर झालेत त्यांना सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच नाही म्हटलंय, त्यांचा रस्ता टक्केवारीच्या रिव्ह्यूचा.

त्या पन्नास हजारवाल्याला एक रुपया देऊ नका, आणि सही केलेला कोरा कागद किंवा स्पर्शचा, म्हणजे पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचा, पासवर्ड तर अजिबात नाही. तो जे करणार आहे ते साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फुकट होतं, तिथे जाऊन बसा, कल्याण संघटकाला कागद दाखवा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना काढलीय ती सैनिक आणि माजी सैनिकांच्या घरांसाठीच आहे, सैनिक कार्यालयातच तिची चौकशी करा.

राहता राहिले आमचे हवालदार साहेब. वहिनी, मला त्यांचं मन कळतं, मागायला जीभ रेटत नाही, आपल्याकडे अपशिंग्यापासून माण-खटावपर्यंत घराघरात ही माणसं आहेत आणि सगळी अशीच आहेत. पण त्यांना माझ्याकडून सांगा की साहेब, तुम्ही लेहला गाडी घेऊन जाताना कुणाला विचारलं नाही की माझ्या कंबरेचं काय होईल, हुकूम आला आणि निघालात. त्या कंबरेची भरपाई सरकारनेच नियमात लिहून ठेवलीय, ती दान म्हणून नाही, पेन्शन म्हणून, आणि ती तुमच्या शेवटच्या पगारावरूनच मोजतात. तुमच्याच जागी तुमच्या गाडीवरचा हेल्पर असता आणि त्याची कंबर गेली असती तर तुम्ही त्याला म्हणाला असता का की जाऊ दे? स्वतः रेकॉर्ड ऑफिसला फोन करून त्याचं काम मार्गी लावलं असतं.

एखाद्या संध्याकाळी त्यांना बसवा आणि पोस्टिंग एकेक करून सांगायला लावा, तुम्ही वहीत लिहा, साल, जागा, गाडी कुठली, काम काय, कंबर पहिल्यांदा कधी धरली, कुणाला सांगितलं, कुठली गोळी दिली. घाईने नको, एका बैठकीत नाही झालं तर दोन करा. ती वही आणि आरटीआयचे कागद शेजारी ठेवले की अपील जवळजवळ तयारच होतं. बोर्डाने नाना लिहिताना जे कारण दिलंय ना, ती ओळ जशीच्या तशी मला लिहून पाठवा, इंग्रजीत असेल तर तशीच उतरवा, अक्षर लागलं नाही तर त्या पानाचा फोटो काढून पाठवा, नाव आणि नंबर झाकून. त्या ओळीला काय उत्तर द्यायचं ते पुढच्या वेळी सविस्तर लिहितो.